घारापुरीची लेणी आणि तांब्याची नाणी

आमच्या तालुक्याला समुद्र नाही. सातपुडा आहे, कापूस आहे आणि दक्षिणेकडे उतरत गेले की पूर्णेचे खोरे आहे. त्या खोऱ्यात विहीर खणावी, पाणी लागल्याचा आनंद व्हावा आणि पहिली ओंजळ तोंडात घेताच ती थुंकून टाकावी, हा अनुभव खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यास नवा नाही. लहानपणी आमची अशी समजूत होती की जमिनीखाली कोठेतरी समुद्र दडून बसला आहे. तेव्हा समुद्राशी आमचा संबंध एवढाच. असे असता वसंत व्याख्यानमालेत आम्ही एका बेटाचा विषय घेतला, ह्याचे पुष्कळांना नवल वाटले. चिटणिसांची अपेक्षा अशी की आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. आम्ही त्यांना म्हटले, तेच बोलणार आहोत. फक्त काळ दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे.

युनियनच्या कामासाठी मुंबईस आमच्या खेपा वर्षानुवर्षे होत आल्या. मुंबईस जाणे म्हणजे बोरीबंदरला उतरणे, कचेऱ्यांचे जिने चढणे, तारखा घेणे आणि रात्रीच्या गाडीने परतणे. एकदा एक बैठक दुसऱ्या दिवसावर गेली आणि अख्खा दिवस मोकळा मिळाला. आम्ही गेटवेपाशी गेलो आणि घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो. सुमारे तासाभराचा प्रवास. बेट मुंबई बंदराच्या पाण्यातच आहे, गेटवेपासून पूर्वेस सुमारे १० किलोमीटर. पण ते मोडते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. दोन टेकड्या आणि त्यांच्या मधोमध एक खोलगट भाग, अशी त्याची घडण आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ह्या तीन वस्त्या. धक्क्यावरून छोटी आगगाडी मिळते, पुढे पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मग पश्चिमेकडच्या टेकडीच्या पोटात ते मोठे लेणे समोर येते.

हे लेणे कोणी केले असे विचारले तर जुन्या काळापासून दोन उत्तरे मिळत आली आहेत. एक, पांडवांनी केले. हे उत्तर महाराष्ट्रात कोणत्याही लेण्यापाशी मिळते. अज्ञातवासातले पांडव इतके डोंगर कोरीत हिंडले असते तर कौरवांना नुसत्या आवाजावरून त्यांचा पत्ता लागला असता. दुसरे उत्तर अधिक मौजेचे आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिओगो दो कौतो नावाचा पोर्तुगीज इतिहासकार गोव्यात आला. त्याने हिंदी लोकांकडून ऐकलेली कथा लिहून ठेवली ती अशी की, हे देऊळ बाणासुर राजाने बांधले आणि त्याची कन्या उषा हिने येथे कौमार्यव्रत घेऊन वास केला.

बाणासुर आणि उषा म्हटल्यावर कथाकीर्तन ऐकलेल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. पुराणातली उषा व्रत घेऊन बसत नाही. तिला स्वप्नात एक तरुण दिसतो, तिची सखी चित्रलेखा एकेका राजपुत्राचे चित्र काढून दाखविते, आणि अनिरुद्धाच्या चित्रापाशी उषा लाजते. हा अनिरुद्ध प्रद्युम्नाचा मुलगा, म्हणजे कृष्ण-रुक्मिणीचा नातू. आणि रुक्मिणी कोठली? कौंडिण्यपूरची, आमच्या वऱ्हाडची माहेरवाशीण. त्या नात्याने उषा आमच्या लेकीची नातसून लागते, आणि घारापुरीशी वऱ्हाडचे सोयरपण पुराणकाळीच जडले आहे! आसामातले लोक बाणासुराचे शोणितपूर आपल्याकडे असल्याचे सांगतात, आणि तेथे त्या नावाचा जिल्हाही आहे. सांगोत. दंतकथेला सातबारा नसतो. आम्हांला लक्षात घेण्यासारखे वाटते ते एवढेच की बाण हा मोठा शिवभक्त. त्याच्यासाठी शंकर प्रत्यक्ष कृष्णाशी लढला. म्हणजे ज्यांनी ही कथा बेटावर आणून ठेवली त्यांना आतला देव कोण, हे पक्के ठाऊक होते. राजा विसरला गेला, राज्य विसरले गेले, पण शंकराची ओळख राहिली.

आता कथेकडून दगडाकडे येऊ. बेटाचा इतिहास ह्या लेण्यापासून सुरू होत नाही. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे. तो इसवी सनापूर्वीचा समजतात. जवळच दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. मोराबंदराच्या बाजूस रोमन बनावटीच्या दुकानी कुंभांची खापरे मिळाली आहेत. ह्या कुंभांतून तिकडची द्राक्षाची दारू आणि तेल इकडे येई. चौथ्या शतकातली क्षत्रपांची नाणीही बेटावर सापडली. म्हणजे मुंबईचे नाव कोणाच्या कानावर नव्हते तेव्हा ह्या बंदरावर परदेशी माल उतरत होता.

इ. स. ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्ती नावाच्या कवीने आपला धनी दुसरा पुलकेशी ह्याचा पराक्रम वर्णिला आहे. पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना बुडविले आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी जी पुरी, तिच्यावर शेकडो नावांचे आरमार घातले, असे त्यात येते. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही पंडित म्हणतात. काही ती राजपुरीच्या खाडीकडे नेतात. दोन्ही पक्षांकडे विद्वान माणसे आहेत. आमची ओढ घारापुरीकडे आहे, पण ओढ म्हणजे पुरावा नव्हे.

मोठे लेणे मात्र पुलकेशीच्याही आधीचे, सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वी ते राष्ट्रकूटांच्या काळात टाकीत असत. काळ मागे का सरकला, त्याचे एक कारण मूर्तींची धाटणी, आणि दुसरे कारण म्हणजे नाणी. ह्या नाण्यांपाशीच आमचा पाय अडकला.

कलचुरी वंशात कृष्णराज नावाचा राजा सहाव्या शतकाच्या मध्यास होऊन गेला. माहिष्मती, म्हणजे नर्मदाकाठचे महेश्वर, ही ह्या वंशाची राजधानी समजतात. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी, आणि सभोवती आपण परममाहेश्वर, म्हणजे शंकराचे परमभक्त, असल्याचा लेख. हे नाणे इतके चालले की तो राजा गेल्यावर दीडशे वर्षांनी, इ. स. ७१० च्या सुमाराच्या अंजनेरीच्या ताम्रपटात, दंडाची रक्कम कृष्णराज-रूपकांतच सांगितली आहे. ही चांदीची नाणी पश्चिमेस मुंबईपासून पूर्वेस थेट आपल्या अमरावती जिल्ह्यापर्यंत सापडली आहेत. परंतु घारापुरीवर जी सापडली ती चांदीची नव्हत. तांब्याची, हलक्या किमतीची. तीसाहून अधिक मिळाली. नाणेशास्त्राच्या अभ्यासक डॉ. शोभना गोखले ह्यांनी असा तर्क मांडला की ही तांब्याची नाणी लेणे खोदणाऱ्या कामगारांना मजुरी म्हणून दिली गेली असावीत.

हे वाक्य आम्ही प्रथम वाचनालयात वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिलो. इतिहासाची पुस्तके आम्ही शाळेत वाचली नाहीत. नोकरी लागल्यानंतर, दिवसाचे काम आटोपून, रात्री वाचली. त्यांत राजांच्या वंशावळी पाठ झाल्या. मजुरीचा शब्द मात्र क्वचितच भेटला. आणि येथे एकाएकी पगाराचा दिवस दिसू लागला.

तर्काला तर्कच म्हटले पाहिजे. कोणी म्हणेल की ही नाणी यात्रेकरूंनी देवापुढे वाहिली असतील. तसेही असू शकेल. परंतु आमचा जन्म मजुरीच्या हिशोबात गेला असल्यामुळे आम्हांला एक गोष्ट बोलावीशी वाटते. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार ह्यांना रोख पैसा कधी मिळत असे? फारसा नाहीच. खळ्यावर जावे, पेंढी घ्यावी, पायली घ्यावी. बलुत्याला नाणे लागत नाही, कारण कारागीर आणि धान्य एकाच शिवारात राहतात. नाणे लागते ते गाव सोडून आलेल्या माणसाला. त्याचे खळे मागे राहिलेले असते. त्याला रोजचे धान्य, मीठ, तेल विकत घ्यावे लागते, आणि तेही थोडे थोडे. चांदीचा रूपक घेऊन शेरभर तांदूळ आणता येत नाही. त्याला सुटी चिल्लर पाहिजे. घारापुरीवर भातशेती आहे, पण शेकडो माणसांना वर्षानुवर्षे पुरेल एवढी नाही. धान्य होड्यांतून पलीकडच्या किनाऱ्यावरूनच येत असले पाहिजे. तेव्हा ह्या तांब्याच्या तुकड्यांवरून आम्हांला तरी असे दिसते की येथे खोदणारे हात बरेचसे परगावचे होते.

मग ते कोठून आले? येथे गोष्ट फिरून आपल्या दाराशी येते.

वाशीम आपल्याला परके नाही. त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती; त्या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच १९३९ साली सापडला. ह्याच शाखेतला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता, आणि अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी, ज्यांची चित्रे पाहावयास जग येते, ती त्याच्या अमदानीतली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव ह्याचा लेख आहे. पुढे हरिषेण वारला, राज्य कोसळले, आणि अजिंठ्याचे काम थांबले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त विदर्भाचे राज्य एका ऐषआरामी तरुण राजाच्या हातून कसे बुडाले ह्याची कथा आहे, तीत ह्याच घटनेचे प्रतिबिंब असावे, असे नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी दाखविले. काम थांबल्याचा पुरावा तर अजिंठ्यास उघड दिसतो. चोविसावे लेणे जाऊन पाहा. ते पुरे झाले असते तर तेथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. आज त्यात अर्धवट सुटे केलेले खांब आणि टाकीचे घाव तसेच आहेत. तो देखावा पाहून आम्हांला अवेळी बंद पडलेली जिनिंग आठवली. रेचे जागच्या जागी, सरकीचा वास अजून हवेत, आणि फाटकाबाहेर माणसे.

वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन पंडित होते. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी अजिंठ्याचा अभ्यास केला. २०१९ साली ते निवर्तले. त्यांचे म्हणणे असे की, वाकाटकांचा आश्रय तुटल्यावर अजिंठ्याचे कारागीर कामाच्या शोधात पांगले आणि त्यांची विद्या कोकणपट्टीवर उतरली. आधी जोगेश्वरीचे लेणे, मग घारापुरी. त्यांनी दिलेली सालवारी सर्वांना मान्य नाही, हे सांगितले पाहिजे. अजिंठ्याचे काम थांबले ते सुमारे ४८० च्या आसपास आणि घारापुरी त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी. तेव्हा अजिंठा सोडून निघालेला माणूस स्वतः घारापुरीस पोचला नसेल. त्याचा नातू पोचला असेल. परंतु अशा धंद्यात हे काही विशेष नाही. जिनच्या फिटरचा मुलगा फिटर होतो, आणि पाना कसा धरावा हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वाकाटकांच्या राज्यातून मुंबईच्या वाटेला लागलेली ती पहिली पोटार्थी माणसे असावीत. पुढे ह्या वाटेने कापसाच्या गठाणी गेल्या, आणि आता मुले जातात.

त्यांनी केले काय, ते पाहा. मोठे लेणे दर्शनी बाजूपासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर आहे. घर पायापासून वर चढते. लेणे छतापासून खाली उतरते. आधी वरची कड फोडावयाची, छत साफ करावयाचे, मग खांब सोडीत सोडीत जमिनीकडे यावयाचे. चुकीला क्षमा नाही. गवंड्याची वीट वाकडी बसली तर काढून पुन्हा बसविता येते. येथे मूर्तीचे नाक उडाले तर उडाले. तरी हे खांब सर्व एका मापाचे नाहीत. ओळीही अगदी दोरीत नाहीत. आरंभी हे आम्हांला वैगुण्य वाटले. नंतर वाटले की निरनिराळ्या टोळ्यांनी निरनिराळे खांब घेतले असावेत आणि प्रत्येकीचा हात थोडा वेगळा पडला असावा.

मागच्या भिंतीतली ती प्रचंड मूर्ती सुमारे १८ फूट उंच आहे. तिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजून नमस्कार करतात. वस्तुतः तो सदाशिव. तिन्ही मुखे शंकराचीच. आपल्या डाव्या हाताचे मुख उग्र, मिशांचे, अघोराचे. उजव्या हाताचे कोमल, स्त्रीसारखे. मधले शांत, डोळे मिटलेले. त्या मधल्या मुखासमोर लोक आपोआप हळू बोलतात, हे आम्ही पाहिले. पण खरे सांगावयाचे तर आमचे पाय तेथे फार वेळ टिकले नाहीत. आम्ही रेंगाळलो ते शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी. पार्वती शंकराच्या उजवीकडे उभी, मान खाली. तिचा बाप तिला मागून हलकेच पुढे करीत आहे. ब्रह्मदेव भटजी होऊन अग्नीपाशी बसला आहे. चंद्र पाण्याची घागर घेऊन उभा. देवांचे लग्न म्हणून सोडले तर हे आपल्याच घरचे लग्न आहे: मुलीचा पाय निघत नाही, बापाला धीर धरावयाचा आहे, आणि एकजण पाण्याच्या कामाला. ज्याने हे कोरले त्याने घरी लेक उजवली असावी, असे आम्हांला वाटून गेले.

त्याचे नाव काय? नाही. येथे आम्हांला पितळखोऱ्याची आठवण होते. तेथे घारापुरीच्या कित्येक शतके आधीचा एक दगडी यक्ष मिळाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर लिहिले आहे की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. म्हणजे कारागिराने आपले नाव घालण्याची चाल ह्या मुलखात होती. पुढे ती का मागे पडली? आमच्या मते, भिक्षूंना गावोगावचे व्यापारी, सोनार, सुतार थोडथोडे दान देऊन लेणी करीत, तोवर करणाऱ्याला मान होता. राजे आणि मंत्री एकटेच सबंध लेण्याचे धनी झाल्यावर नाव धन्याचे राहिले.

आणि घारापुरीस धन्याचेही नाव राहिले नाही, हा मोठा न्याय म्हणावा की मोठी हानी? तेथे एक शिलालेख होता. इ. स. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने हा सारा टापू पोर्तुगीजांना दिला. लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेखाचा दगड त्यांना दिसला. कौतोच्या सांगण्याप्रमाणे तो वाचून घ्यावा म्हणून काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला गेला. तेथे तो कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे त्याचा मागमूस लागला नाही. त्यावर राजाचे नाव असेल, साल असेल; कोणास ठाऊक, शेवटच्या ओळीत सूत्रधाराचेही नाव असेल. मूर्तींचे हातपाय पुष्कळ मोडले आहेत, आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांवर नेम धरून गोळ्या झाडल्याचे परंपरा सांगते. रावण कैलास हलवितो ते शिल्प तर फारच झिजले, फुटले आहे.

बेटाला एलिफंटा हे नावही पोर्तुगीजांचेच. धक्क्याजवळ एक दगडी हत्ती उभा होता, त्यावरून. १८१४ साली त्याचे डोके आणि मान ढासळली. तुकडे १८६४ साली मुंबईस नेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळविले. राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी, तो आज उभा आहे. ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळाले तो बेटावर नाही. मुलांना हत्ती दाखवावयास नेतात, पण हा कोठला, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

१९८७ साली युनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारशात समावेश केला. बेटावरचे आगरी-कोळी लोक मासळी, भातशेती आणि आता मुख्यतः पाहुण्यांवर जगतात. पायऱ्यांच्या दुतर्फा त्यांची दुकाने आहेत. महाशिवरात्रीस लेण्यातल्या पिंडीपाशी भाविकांची रीघ लागते. एरवी देव पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असतो, आणि संध्याकाळी पाहुण्यांना बेट सोडावे लागते. समोर मुंबईचे दिवे रात्रभर जळत असता ह्या तीन वस्त्यांत नेहमीची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यावर.

परत येताना एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे आम्ही लिंबूपाणी घेतले आणि विजेचा विषय काढला. त्या दिवशी कोण कोण मोठी माणसे आली होती, कोणी भाषण केले, हार कोणत्या फुलांचे होते, हे सगळे त्याने तोंडपाठ सांगितले. केबल टाकावयास कोण आले होते, असे आम्ही विचारले. तो जरा थांबला. “होती परगावची पोरं,” तो म्हणाला, “तिकडं मोराबंदराच्या अंगाला उतरलेली. माझ्याकडंच चहा घ्यायची. सुटे पैसे कधी नसायचे त्यांच्यापाशी.” तेवढ्यात शेवटच्या लाँचचा भोंगा झाला आणि आम्हांला उठावे लागले.